टाकाची चांदी

जऊळक्याच्या सोजरबाईला फसवणं सोपं नाही, असं सगळा गाव म्हणायचा. हे म्हणताना त्यात कौतुक किती आणि रडगाणं किती, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. बाई कापूस वेचणाऱ्या बायांची म्होरकी होती. वऱ्हाडात तेव्हा वेचणीची मजुरी पैशात नव्हे, कापसातच मिळायची. दिवसभराचा कापूस संध्याकाळी मालकाच्या अंगणात ओतायचा, त्याचे सारखे वाटे पाडायचे आणि त्यातला एक वाटा वेचणारीचा. आता 'सारखे' म्हणजे काय, याबद्दल मालकाची समजूत वेगळी आणि मजुराची वेगळी. सोजरबाईनं त्यावर तोड काढली होती. वाटे मालकानं पाडायचे, खुशाल पाडायचे, ती तिकडं बघायचीसुद्धा नाही. पण कोणता वाटा उचलायचा ते ती ठरवणार. मग मालकाचा हात आपोआप सरळ चालायचा. एकदा पाटील वैतागून म्हणाले, "एवढा बी भरोसा नाई काय वं सोजर?" तर ही म्हणते, "भरोसा हाय ना पाटील, म्हून तं वाटे तुमच्या हातानं पाडून राह्यली."

अशी ही बाई आयुष्यात एकदाच, कुणाला न विचारता न सांगता, आपलं होतं नव्हतं ते एका माणसाच्या हातात देऊन बसली, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही.

सोजरचं लग्न झालं ते परकर सावरायचं वय नव्हतं तेव्हा. नवरा पटकीच्या साथीत गेला. सासरच्यांनी वर्षभर ठेवून घेतली आणि मग माहेरी आणून घातली. माहेरी भाऊ होता, जगदेव. दोन बैलांची शेती, गरीब स्वभाव, बायकोपुढं तोंडात मिठाची गुळणी. बायको प्रयागबाई. ती काही वाईट नव्हती, उगीच कशाला बोला. एवढंच, की घरात आलेली कुठलीही वस्तू तिला आपल्या घराचीच वाटायची, मग ती नणंदेच्या घामाची का असेना.

वेचणीच्या वाट्याचा कापूस सोजर वाशीमच्या जिनात नेऊन विकायची. अर्धे पैसे भावाच्या हातावर ठेवायची आणि अर्ध्यांची चांदी करायची. अशी कितीतरी वर्षं गेली आणि तिचे दोन गोठ झाले, चांगले जड, भरीव. विधवेनं ते हातात घालायची सोय नव्हती. उतरंडीच्या तळच्या मडक्यात एका फडक्यात बांधून ते पडून असत. घरात कुणी नसलं की सोजर ते काढायची, तळहातावर तोलायची आणि परत ठेवून द्यायची. नवरा नाही, लेकरू नाही, सासर तुटलेलं. उद्या भावानं हात वर केले तर जगात आपलं म्हणायला ती दोन कडी तेवढी होती.

शालिग्राम तिच्या आयुष्यात आला तो रुळांवरून. तो गँगात होता. रुळांखालची गिट्टी ठोकायची, कुजलेले सिलिपाट बदलायचे, भराव खचला की टोपल्यांनी माती ओढायची, असं काम. आगगाडीची लाइन जऊळक्याहून वाशीमकडं जाते आणि पुढं काही कोसांवर निजामाच्या मुलखात शिरते. त्याला इकडचे लोक मोगलाई म्हणत. शालिग्राम त्या मोगलाईतला, हिंगोलीपलीकडचा. जातीतलाच होता. बायको मेली, असं त्यानं आल्या आल्या सांगितलं होतं, आणि ते पुन्हा कुणी विचारलं नव्हतं. सोजर ज्या शेतात वेचायला जायची त्याच्या बांधाला लागूनच लाइन होती, आणि शेतात विहीर होती. शालिग्राम तिथं पाणी प्यायला यायचा. वेचणीचा सगळा हंगाम तो पाणीच पीत होता. इतकी तहान माणसाला लागत नाही, हे बाकीच्या बायांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी सोजरला हैराण करून सोडलं.

बोलणं लावलं ते गँगच्या मुकादमानं, रज्जाकमियानं. जगदेवच्या ओट्यावर बसून तो म्हणाला, "जगदेवभाऊ, आदमी नेक हाय. दारू नाई, जुवा नाई. पगारगाडी आली का पैसा खिशात, अन् खिसा शिवेल, उघडतच नाई."

विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट. पहिल्या लग्नात पोरीला कुणी विचारत नाही, पण पाटाला बाईचा होकार लागतो. सोजरनं तो दिला. खाली मान घालून नव्हे, चांगला सगळ्यांच्या तोंडाकडं बघून दिला. पौष उलटला की पाट लावायचा, असं ठरलं.

त्याच संध्याकाळी भाकरी थापता थापता प्रयागबाई म्हणाली, "गोठ तं घरीच राहतीन ना? आमी इतके वर्स खाऊ घातलं. तुले काय, रेल्वेवाला नवरा भेटला."

जगदेव चुलीकडं बघत राहिला. सोजरला समजलं, की पाटाच्या दिवशी त्या मडक्यात हात घालायला आपण जाऊ तेव्हा ते रिकामं असणार.

आता एक चाल सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पहिली बायको मेलेल्या माणसाच्या घरी जी बाई जाते, तिनं गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक घालायचा असतो. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. सणावाराला त्याला निवद दाखवायचा, हळदकुंकू वाहायचं, आधी तिला मग आपण. तिचा मान राखला म्हणजे ती त्रास देत नाही, नाहीतर नव्या संसारात येऊन बसते. सोजर कापसाच्या वाट्याला न फसणारी असली तरी या बाबतीत चारचौघींसारखीच भित्री होती.

तिनं दोन्ही गोष्टी एकदम निकालात काढल्या. गोठ फडक्यात बांधून वेचणीसाठी कमरेला बांधलेल्या पदराच्या ओट्यात लपवले आणि विहिरीवर पाणी प्यायला आलेल्या शालिग्रामच्या हातात दिले.

"यातल्या एकाचा टाक करजा. मालेगावच्या फुलचंद सोनारापाशी. उरली चांदी अन् दुसरा गोठ तुमच्यापाशी ठेवजा. घरी राह्यले तं माह्ये राह्यत नाईत."

शालिग्रामचा चेहरा उतरला. "टाकाची काय घाई हाय?"

"बाप्पा! टाकाबिगर पाट लागते काय? थे माह्या गयात नाई बसली तं माह्या उरावर बसन."

तो काहीतरी बोलणार होता. मग त्यानं फडकं कमरेला खोचलं आणि लाइनीकडं चालू लागला. सोजरला वाटलं, माणसाला आपल्या मेलेल्या बायकोची आठवण झाली. तिला त्याची मायाच आली. घरी येताना तिनं लाइनीवरचे दोन दगड उचलले, दुसऱ्या फडक्यात बांधले आणि मडक्यात ठेवून दिले. तेवढंच वजन, तेवढाच आकार. आपल्या हुशारीवर ती स्वतःच खूश होती.

ही खुशी फार टिकली नाही. पुढच्या बाजारच्या दिवसानंतर शालिग्राम विहिरीवर आला तेव्हा तिनं विचारलं, "केला काय टाक?" तो म्हणाला, सोनाराला वेळ नव्हता. त्याच्या पुढच्या बाजारला म्हणाला, मला सुटी नव्हती. त्यानंतर तो विहिरीवर यायचाच बंद झाला. लांबून गँग दिसायची, पहारी उचललेल्या दिसायच्या, पण त्यात तो कुठला ते ओळखू येईना. सोजरचा जीव टांगणीला लागला. बोंडं वेचताना हात चालेनात, नखात टरफलं घुसायला लागली. बायांच्या थट्टेला ती उत्तर देईना, तेव्हा बायाही गप्प झाल्या.

आणि हे सांगायचं कुणाला? भावाला सांगावं तर गोठ घराबाहेर काढले म्हणून बोलणी. वहिनीला तर सांगायची सोयच नाही. मोगलाईतल्या माणसाला पाटाआधीच चांदी देणाऱ्या बाईला गाव काय म्हणेल, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं स्वतःच दुसऱ्या बायांना तसं म्हटलेलं होतं.

शेवटी ती एकटी जवळच्या मालेगावच्या बाजाराला गेली. फुलचंद सोनार शेगडीसमोर फुंकणी घेऊन बसला होता. तिनं विचारल्यावर त्याला लगेच आठवलं.

"आला व्हता ना. गँगवाला. गोठ चोख हायेत बाई, म्या घासून पायले. मंग इचारलं, टाक देवाचा का मेलेल्याचा? म्हणे, मेलेलीचा. म्या म्हटलं, कधी मेली? आमी इचारतोच, साधी गोष्ट हाय. तं थो गपच. गोठाकडं पाहत बसला, मंग उचलले अन् चालला गेला."

"इकले तं नाईत ना?"

"मले तं नाई इकले. दुसऱ्या कोणाले देल्ले अस्तीन तं मले काय ठाव?"

बाजारात तिचं मन लागेना. घरी तोंड दाखवायला म्हणून मूठभर मिरच्या घेतल्या आणि वाट धरली. बायको कधी मेली हे नवऱ्याला सांगता येत नाही, म्हणजे काय समजायचं? वाटेत तिनं सगळ्या शक्यता उलटून पालटून पाहिल्या आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा वाईट निघाली. त्यानं तिला मारली असेल का? का बायको कधी नव्हतीच, आणि हा गावोगाव असाच विधवांची चांदी गोळा करत हिंडतो?

ती घरी न जाता तशीच स्टेशनावर गेली. रज्जाकमिया लाकडी पेटीवर बसून बिडी ओढत होता.

"शालिग्राम? हिंगोलीले गेला बाई. दुसऱ्यांदा गेला. म्या म्हटलं काय काम हाय, तं बोलतच नाई. रजा देल्ली म्या."

"सामान काय नेलं?"

"काय सामान अस्ते त्याचं? लोटा अन् घोंगडी."

घोंगडी! रज्जाकमियाला त्यात काहीच वाटलं नाही. थंडीचे दिवस, माणूस घोंगडी नेणारच. पण सोजरच्या डोक्यात ती घोंगडी घर करून बसली. परत यायचं असलेला माणूस घोंगडी कशाला नेईल? आणि लाइन एकदा हद्दीपलीकडं गेली की तिथला राजा वेगळा, शिपाई वेगळे, रुपयासुद्धा वेगळा. तिकडं गेलेली चांदी इकडचा कोण कोतवाल आणून देणार होता?

त्यातच संक्रांत आली. सणाआधी घर सारवायचं म्हणून प्रयागबाईनं उतरंड उतरवली. सोजर पाण्याला गेली होती. ती परत आली तर अंगणात फडकं उलगडलेलं, त्यात दोन काळे दगड, आणि वहिनी कमरेवर हात ठेवून उभी.

"हे काय वं?"

सोजरच्या डोक्यावरची घागर तशीच राहिली. "म्या गोठ दुसरीकडं ठेवले."

"दुसरीकडं कुठी? हे तं लाइनीवरची गिट्टी हाय. गावात कुठी भेटते असा दगड?" प्रयागबाईनं दगड नवऱ्यापुढं धरला. "पाहा, तुमच्या बहिनीनं कुठी नेऊन घातली चांदी."

इतकी वर्षं दगड उचलायला अख्खं शिवार मोकळं होतं आणि या हुशार बाईनं उचलले ते नेमके रुळांखालचे. सोजरला रडू आलं नाही, स्वतःचाच संताप आला.

जगदेव सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलला. "सोजर, त्याच्यापाशी हायेत काय?"

"व्हय."

"अन् थो कुठी हाय?"

"हिंगोलीले."

जगदेव उठून उभा राहिला. "गोठ आले तं पाट. नाई आले तं पाट बी नाई, अन् मंग या घरात तोंड वर करून बसू नको. लोक मले थुकतीन."

आता तिच्यापाशी काहीच उरलं नव्हतं. चांदी गेली, नवरा गेला आणि भावाचं घरही गेल्यातच जमा. संक्रांतीचे तीळगूळ वाटले गेले, तिच्या हातावर कुणी ठेवले नाहीत. हिंगोलीकडची गाडी यायच्या वेळेला ती रोज स्टेशनावर जाऊन उभी राहायची. आधी पदर डोळ्यांपर्यंत ओढून लपून उभी राहायची. मग लपायचंही सोडलं. गाडीतून बाजारकरी उतरायचे, पोरं-बाळं, बोचकी उतरायची, गाडी निघून जायची आणि सोजर घरी यायची.

एके दिवशी शालिग्राम उतरला. दाढी वाढलेली, खांद्यावर तीच घोंगडी. तिला बघून तो थबकला. मग इंजिनाच्या पाण्याच्या टाकीकडं वळला, तिथं माणसं नव्हती. ती त्याच्यामागोमाग गेली. कसे आहात, कुठं होतात, काही नाही. तिनं हात पुढं केला.

"माह्ये गोठ."

त्यानं कमरेचं फडकं सोडून तिच्या हातात ठेवलं. तेच फडकं, गाठसुद्धा तिचीच. तिनं गोठ तळहातावर तोलले. दोन्ही. इतकी वर्षं ज्या हातानं ते वजन जोखलं होतं, त्या हाताची फसगत झाली नसती. टाकीच्या कट्ट्याला धरून ती खाली बसली. मग तिला भयंकर राग आला.

"टाक काहून नाई केला?"

शालिग्राम रुळांकडं बघत होता. "जित्या बाईचा टाक कसा करू?"

तिला आधी समजलंच नाही.

"थे मेली नाई," तो म्हणाला. "दुसऱ्यासंगं निंघून गेली. गावात मले लोक हासत, पोट्टे बी हासत. म्हून इकडं आलो. कोणी इचारलं का म्या सांगो, मेली. सांगून सांगून मलेच वाटे, मेली असन. मंग सोनारानं इचारलं, कधी मेली. माह्या तोंडातून शब्द नाई निंघाला. म्हटलं, पाहून तं येतो. खरंच मेली असन तं टाक करू. पयल्यांदा पत्ताच नाई लागला. आता बसमतले दिसली. दोन लेकरं हायेत. बरी हाय."

"बोलला तिच्यासंगं?"

"नाई. दुरून पायलं."

सोजर मुद्दाम म्हणाली, "सोनाराले काई बी सांगतलं अस्तं. टाक झाला अस्ता. मले काय मालूम पडनार व्हतं?"

"तुले नस्तं पडलं. पन तू सनासुदीले तिले निवद दाखवला अस्ता, मेली समजून. अन् थे तिकडं लेकरं सांभाळून राह्यली. जित्या मानसाले मेलेल्यात बसवनं... माह्यानं नाई झालं."

"मले बसवता आलं पन. खोट्यात." ती उठली. "लबाड हायेस तू."

अहो-जाहो तिथंच संपलं. फडकं छातीशी धरून ती तरातरा घरी आली. गोठ तिनं वहिनीसमोर आदळले. प्रयागबाईनं ते उचलून, फिरवून पाहिले आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला, "बस बाई, भाकर खाय." जगदेव म्हणाला, "मंग पाट?" सोजर भाकरी न खाताच उठली.

गोठ परत आले म्हणजे काळजी मिटायला हवी होती. पण आता निराळीच लागली. त्यानं आपल्याशी खोटं बोलून पाट ठरवला होता, हे खरं. असा माणूस पुढं आणखी काय काय दडवील? पण फुलचंदाच्या दुकानात तो बसला होता तेव्हा त्याला बघणारं कुणी नव्हतं. एक शब्द खोटा बोलला असता की टाक झाला असता, पाट लागला असता, दुसरा गोठही त्याच्यापाशीच राहिला असता. जन्मभर कुणाला पत्ता लागला नसता. बाकीच्या दुनियेला ती समोर उभं राहून सरळ वागायला लावत आली होती. हा मागं कुणी उभं नसताना सरळ वागला होता. आणि खोटं तरी कशाला बोलला? चांदीसाठी नव्हे. लोक हसतात म्हणून. सोजरला लोकांच्या हसण्याची धास्ती काय असते ते आता पुरतं कळलं होतं.

पाचव्या दिवशी ती लाइनीवर गेली. गँग काम करत होती. सगळ्यांसमोर तिनं त्याला बाजूला बोलावलं.

"पाट लावते. पन एक हाय. पंचाइसमोर तू सांगजो, बायको जिती हाय म्हून. सोडून गेली म्हून."

शालिग्रामचा चेहरा पांढरा पडला. "लोक हासतीन."

"हासतीन तं दोघाइले हासतीन. म्या काय दूर बसनार हावो?"

त्याला ते सोपं नव्हतं. पंच मारुतीच्या पारावर बसले तेव्हा तो येतो की नाही याची सोजरला खात्री नव्हती. पाराकडं येणाऱ्या वाटेवर तिची नजर खिळली होती, आणि हातातला पदर पिळून पिळून चुरगळला होता. तो आला. पागोटं काढून हातात घेतलं, खाली बघत उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलून मोकळा झाला. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं-चौघं. शालिग्रामच्या कानशिलं लाल झाली, पण तो हलला नाही. जातीशी खोटं बोलला म्हणून पंचांनी दंड ठोकला, सगळ्यांना जेवण. एका म्हाताऱ्या पंचानं सोजरला विचारलं, "अन् तुले चालते काय वं? जिती सवत हाय तुही."

"जिती हाय तं बसमतले हाय," सोजर म्हणाली. "माह्या उरावर तं नाई."

आता सगळा पार हसला, आणि या वेळी शालिग्रामही हसला. पाट लागला. तिच्या गळ्यात टाक नव्हता, काळी पोत तेवढी होती. दंडाचं जेवण त्यानं आपल्या पगारातून घातलं. गोठ तिनं मोडू दिले नाहीत, हातात घातले.

त्यांचा संसार गँगच्या खोलीत झाला. गोडीगुलाबीचाच झाला असं म्हणवत नाही, कारण सोजरबाई ती सोजरबाईच. पगारगाडी आली की शालिग्राम सगळा पगार तिच्या ओच्यात टाकायचा आणि ती त्याच्यासमोर बसून नाणं न् नाणं वाजवून घ्यायची. रज्जाकमिया म्हणायचा, "भाभी, सरकारचा बी भरोसा नाई काय?" शालिग्रामला मात्र त्याचं कधी वाईट वाटलं नाही. गावातले टवाळ त्याला मागून 'सोडेल', म्हणजे बायकोनं सोडलेला, म्हणायचे. काही वर्षांनी तेही थकले. त्या बाईचा विषय दोघांत पुन्हा निघाला नाही. तिचं नाव काय, हेसुद्धा सोजरबाईनं कधी विचारलं नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं. रॉकेल मिळेना, धान्य मिळेना, गाड्या गोऱ्या सोजिरांनी भरून जायला लागल्या. शालिग्रामचे केस पिकले होते. त्या दिवसांत रज्जाकमिया, आता म्हातारा झालेला, हिंगोलीहून आला आणि दारात उभा राहून हळूच म्हणाला, "शालिग्राम, बसमतची खबर हाय. थे गेली. तापानं."

शालिग्राम पहार घेऊन कामावर गेला आणि कामावरून आला. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सोजरबाईनं त्याला जेवायला वाढलं आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं.

"नाव काय व्हतं तिचं?"

"गिरजा."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सोजरबाई मालेगावला गेली. फुलचंदाचे डोळे गेल्यासारखे झाले होते, पण शेगडी तीच होती. तिनं डाव्या हातातला गोठ काढून त्याच्यापुढं ठेवला. इतक्या वर्षांत तो मनगटावर इतका घट्ट बसला होता, की निघता निघता कातडी सोलली.

"टाक करा."

"देवाचा का मेलेल्याचा?"

"मेलेलीचा."

"कधी मेली?" फुलचंदानं सवयीनं विचारलं.

"औंदा. पोयाच्या मयन्यात. बसमतले. तापानं. गिरजा नाव व्हतं." विचारलं नव्हतं तेही तिनं सगळं सांगितलं, आणि मग तिला रडू आलं. म्हातारा फुलचंद फुंकणी हातात घेऊन तसाच बसून राहिला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा टाक तिच्या गळ्यात पोतीशेजारी होता. तिनं चूल पेटवली, भात शिजवला, त्यातला थोडा आधी तिच्या नावानं पानावर काढून ठेवला आणि हात जोडले. शालिग्राम दारात उभा राहून हे सगळं बघत होता. त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. त्याचे खांदे हलायला लागले. जिनं सोडून दिलं तिच्यासाठी तो आज पहिल्यांदा रडत होता, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

सोजरबाईनं त्याला रडू दिलं. मग ताट वाढलं आणि म्हणाली, "ये, जेवून घे. तिचं झालं."